मेंढ्या उतरल्या, वन चढले

स्कॉटलंडच्या दक्षिण भागात मॉफट या छोट्या गावाजवळच्या डोंगररांगेत कॅरिफ्रन नावाची सुमारे साडेसहाशे हेक्टरांची दरी आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ती पाहणाऱ्यास हिरवीगार वाटे; परंतु ती हिरवळ केवळ गवताची होती. शतकानुशतके चरणाऱ्या मेंढ्यांनी आणि रानटी झालेल्या शेळ्यांनी प्रत्येक कोवळा कोंब खुडला होता. मोजकीच झाडे तग धरून होती. त्यांपैकी ओढ्याकाठचा एकाकी रोवन वृक्ष पुढे 2020 मध्ये स्कॉटलंडचा ‘वर्षवृक्ष’ म्हणून गौरविला गेला.

या उजाड डोंगरावर एके काळी वन होते, याची साक्ष मातीनेच दिली. दरीच्या माथ्यावरील दलदलीत 1990 मध्ये एका डोंगरभटक्यास यू वृक्षाच्या लाकडाचे मोडके धनुष्य सापडले. ते सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे ठरले. तेथील थरांत साठलेल्या परागकणांवरून प्राचीन काळी कोणकोणते वृक्ष येथे होते, हेही उमगले. जणू हरवलेल्या वनाची जुनी खातेवहीच हाती लागली.

फिलिप आणि मर्टल ॲशमोल या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दरी विकत घेण्याचा संकल्प केला. शेकडो सामान्य नागरिकांनी वर्गणी दिली आणि 1 जानेवारी 2000 रोजी बॉर्डर्स फॉरेस्ट ट्रस्टच्या नावे दरीचा ताबा मिळाला. त्याच दिवशी पहिली रोपे लावली गेली. आसपासच्या जुन्या वनखंडांतून बिया गोळा करून बर्च, ओक, हेझल, रोवन, विलो अशी स्थानिक वृक्षांचीच रोपे तयार केली गेली. आजवर पाच लाखांहून अधिक झाडे लागली आहेत. मेंढ्या व शेळ्या टप्प्याटप्प्याने हलविण्यात आल्या आणि कुंपण घालण्यात आले.

स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या पदयात्रिकास डोंगरांवर मुक्त संचाराचा हक्क दिला आहे. त्यामुळे आज येथे कोणीही वाट चालू शकतो. आरंभी ओढ्यालगत बर्चची दाट सावली लागते, गवताळ माळावर कधी न ऐकू येणारे वनपक्ष्यांचे कूजन कानी पडते. वर चढत जावे तशी झाडे खुजी होतात आणि शेवटी 821 मीटर उंचीच्या व्हाइट कूम शिखराकडे जाणारा मोकळा माथा येतो.

या यशाला एक काळी बाजूही आहे. लांडगा माणसानेच त्या भूमीतून नाहीसा केला. हरणांना आवर घालणारे कोणी उरले नाही, म्हणून रोपे वाचविण्यासाठी हरणांना गोळी घातली जाते. कॅरिफ्रनही त्यास अपवाद नाही. अहिंसेच्या उपासकास हा उपाय मान्य होणार नाही. परंतु या हिंसेचे मूळ कोठे आहे, हे त्याने पाहावे. प्रथम वृक्ष तोडले गेले, नंतर लांडगा मारला गेला आणि आता हरणाची पाळी आली. हिंसेचे ऋण असे चक्रवाढ व्याजाने वाढत जाते.

आपल्या आचार्यांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत वन तोडण्याचा, कोळसा पाडण्याचा व्यवसाय आणि वणवा लावणे यांचा समावेश आहे. वनस्पतिकायातही जीव मानणाऱ्या धर्माने व्यापाऱ्याच्या नफ्याला घातलेली ही मर्यादा होती. वन तुटण्यापूर्वीच हात आवरला, तर पुढे बंदुकीची गरज पडत नाही.

मांगीतुंगी, गजपंथ यांसारख्या तीर्थांचे डोंगर आपण भक्तिभावाने चढतो. पावसाळ्यात आपल्या संस्था वृक्षारोपणही करतात. त्या वेळी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: रोप याच मातीतले आहे काय? चराईपासून त्याचे रक्षण कोण करणार? आणि तिसऱ्या उन्हाळ्यात त्याला पाणी घालणाऱ्याच्या वेतनाची तरतूद केली आहे काय?