मोड आलेल्या मेथीचा माग

लग्नकार्यात किंवा भंडाऱ्यात जेवलेल्या मंडळींना एकाएकी उलट्या व जुलाब सुरू झाले, की दोष कोणत्या पदार्थाचा याची चर्चा गावात तत्काळ सुरू होते. पुष्कळदा पुरावा हाती येण्यापूर्वीच कोणावर तरी ठपका ठेवला जातो. अशा घाईचे परिणाम शेतकऱ्यास किती महाग पडतात, हे सन २०११ मधील जर्मनीतील साथीवरून दिसून येते.

त्या वर्षी मे महिन्यात उत्तर जर्मनीत रक्ताच्या जुलाबांची साथ उद्भवली. ई. कोलाय जातीच्या एका घातक जंतूमुळे कित्येकांची मूत्रपिंडे निकामी झाली. साथ शमेपर्यंत त्या देशात सुमारे ३,८०० लोक आजारी पडले व ५० हून अधिक दगावले.

काकडीवर आळ

रोग्यांना प्रथम विचारले असता त्यांनी काकडी, टोमॅटो व कच्चा पाला खाल्ल्याचे सांगितले. त्याच सुमारास स्पेनमधून आलेल्या काही काकड्यांवर ई. कोलाय सापडल्याने २६ मे रोजी हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्यावर बोट ठेवले. थोड्याच दिवसांत तो जंतू निराळ्या प्रकारचा असल्याचे सिद्ध झाले. परंतु तोवर मालाची मागणी बसली होती. निर्दोष बागायतदारांचा भाजीपाला वाया गेला, आणि युरोपीय संघास नुकसानभरपाईपोटी २० कोटी युरोंहून अधिक रक्कम मंजूर करावी लागली.

खरा दोषी कसा सापडला?

तपासनिसांनी मग रोग्यांच्या आठवणीवर विसंबणे सोडले. एका उपाहारगृहात जेवून गेलेल्या मंडळींपैकी आजारी व निरोगी अशा दोघांकडेही त्यांनी चौकशी केली. कोणी काय मागविले हे बिलांवरून व छायाचित्रांवरून ठरविले, आणि प्रत्येक पदार्थात काय काय घातले होते हे आचाऱ्यास विचारले. मोड आलेली धान्ये ज्यांच्या ताटात होती, त्यांच्यात आजाराचे प्रमाण सुमारे १४ पट आढळले! शोभेपुरते वर घातलेले हे मोड बहुतेकांच्या लक्षातच राहिले नव्हते; प्रारंभीच्या चौकशीत चौघांपैकी एकासच ते आठवले होते.

पुढे मालाच्या विक्रीचा माग काढता निरनिराळ्या ४१ ठिकाणचे रोगी लोअर सॅक्सनीतील एकाच मोड-उत्पादकाशी जोडले गेले. जून महिन्यात फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळही तोच रोग आढळला. दोन्हीकडे समान असलेली वस्तू एकच, ती म्हणजे सन २००९ मध्ये इजिप्तहून आलेले मेथीचे बी. बियांच्या तपासणीत जंतू हाती लागला नाही. तरीही सर्व धागे त्या मालापाशीच येऊन मिळाले.

आपण काय करावे?

मळाने किंवा घाण पाण्याने दूषित झालेल्या बियांवर थोडेच जंतू असतात. मोड आणताना मिळणाऱ्या ओलाव्यात व उबेत ते झपाट्याने वाढतात. नुसत्या धुण्याने ते जात नाहीत, चांगले शिजविल्याने मरतात. म्हणून मटकी, मूग वा मेथीचे मोड कच्चे न खाता त्यांची उसळ करून खाणे श्रेयस्कर. मोड आणण्यास पिण्यायोग्य पाणी व स्वच्छ फडके वापरावे; पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे खाण्याकरिता कदापि घेऊ नये.

गावात असा प्रसंग ओढवल्यास ग्रामसेवकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. प्राथमिक आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे.

२. उरलेले अन्न कोणासही खाऊ देऊ नये व फेकूनही देऊ नये; झाकून थंड जागी ठेवावे आणि तपासणीसाठी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या स्वाधीन करावे.

३. जेवलेल्या सर्वांची यादी करावी. कोण, केव्हा आजारी पडला व त्याने काय खाल्ले हे लिहावे. जे आजारी पडले नाहीत त्यांचीही तशीच नोंद घ्यावी.

४. आचाऱ्याकडून प्रत्येक पदार्थातील जिन्नस व ते कोठून आणले हे विचारून घ्यावे.

तपास पूर्ण होईपर्यंत कोणाच्याही मालाचे नाव घेऊ नये. रोग्याचे प्राण व शेतकऱ्याची पत, दोहोंचे रक्षण अशा धिम्या व नेटक्या चौकशीनेच होते.