इद्दतीत लिहिलेले पत्र

घरातल्या कर्त्या पुरुषाचा इंतिकाल झाला की आधी दफनविधी, मग जियारत, मग भेटायला येणाऱ्यांची रीघ. कागदपत्रांचे कपाट उघडते ते त्यानंतर. त्यातून काय निघेल, हे जन्मभर संसार केलेल्या बायकोलाही पुष्कळदा ठाऊक नसते.

सेनेगल या मुस्लिमबहुल देशातील लेखिका मारियामा बा यांनी १९७९ साली फ्रेंच भाषेत लिहिलेली एक कादंबरी हेच दुःख सांगते. इंग्रजीत ती ‘सो लाँग अ लेटर’ या नावाने मिळते. तिला १९८० चा नोमा पुरस्कार मिळाला.

रामातुलाये ही शिक्षिका, बारा मुलांची आई. इद्दतीत बसून ती जिवलग मैत्रिणीला पत्र लिहिते. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर पती मोदूने मुलीच्याच मैत्रिणीशी दुसरा निकाह लावला होता. ही खबर तिला दिली ती इमामसाहेब, दीर आणि पतीचा मित्र यांनी, तीही निकाह झाल्यावर. पुढे मोदू घराकडे फिरकला नाही.

त्याच्या मृत्यूनंतर मीरासचा हिशेब निघतो, तेव्हा आणखी एक गोष्ट कळते. दोघांच्या बचतीतून घेतलेले, पण कागदावर फक्त त्याच्या नावाचे घर गहाण टाकून त्याने दुसरीसाठी बंगला घेतला होता! तरीही चाळिसाव्या दिवशी ती त्याला माफ करते. मात्र त्याच दिवशी निकाहची मागणी घेऊन आलेल्या दिराला ती ठणकावून नकार देते. नमाज आणि ईमान तिने कधीच सोडलेले नसते.

शरीअतने मयताच्या मालातून आधी कर्ज फेडायला सांगितले, मग वसियत, मग वारसांचे हिस्से. बायकोचा न दिलेला मेहेरही कर्जच. हा हिशेब कधीतरी उघडा होणारच आहे. मग तो हयातीत, दोघांनी मिळून का करू नये? कोणाचे किती देणे आहे, मेहेर दिला की नाही, घर कोणाच्या नावावर आहे, बायकोचे दागिने किंवा पगार त्यात किती गेला, हे सारे आपण वहीत लिहून ठेवू या. बोलायला संकोच वाटेल. पण इद्दतीत बसलेल्या बाईला या गोष्टी परक्यांच्या तोंडून कळू नयेत.