स्नोशू घेताना आधी वजनकाटा

हिवाळी ट्रेकला निघालेले बरेच जण विचारतात, "सर, माझा बूट नऊ नंबरचा, स्नोशू कोणते घेऊ?" बुटाचा नंबर इथे फारसा कामाचा नाही. वजन सांगा.

भुसभुशीत बर्फात पाय रुततो, कारण सगळा भार तळव्याएवढ्या जागेवर येतो. स्नोशू ती जागा वाढवतो. पण भार म्हणजे तुम्ही एकटे नाही. कपडे, बूट, पाणी, रकसॅक सगळं धरायचं.

हे मी काश्मीरमध्ये तरुण कॅप्टन असताना शिकलो. माझं वजन 68 किलो, त्या हिशेबाने छोटी जोडी उचलली. पाठीवर 22 किलो होते, ते विसरलो. रात्री ताजा बर्फ पडला होता. दर दहा पावलांना मांडीपर्यंत रुतायचो. दोन तासांच्या गस्तीला पाच तास लागले आणि माझ्यासाठी थांबून थांबून एका जवानाच्या पायाची बोटं बधिर झाली. बोटं वाचली, पण चूक माझी होती.

म्हणून साधारण हिशेब असा: एकूण भार 80 किलोपर्यंत असेल तर 22 इंची, 100 पर्यंत 25 इंची, त्यापुढे 30 इंची. कंपनीगणिक आकडे बदलतात, लेबल वाचा. ताज्या, कोरड्या बर्फात एक माप मोठं बरं. घट्ट बर्फात आणि झाडीत छोटं बरं, वळताना अडखळत नाही.

चढ असेल तर पंज्याखाली धातूचे दात हवेतच. टाच उचलून धरणारी कडी असली तर पोटऱ्या कमी भरून येतात. आणि दुकानातच हातमोजे घालून पट्टे बांधून पाहा. वर उघड्या हातांनी ते जमणार नाही.

केदारकंठासारख्या गर्दीच्या वाटेवर बर्फ तुडवून घट्ट झालेला असतो. तिथे बहुतेक वेळा बुटावर चढवायचे मायक्रोस्पाइक्स पुरतात. उगाच खर्च करू नका.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. स्नोशू रुतण्यापासून वाचवतो, हिमस्खलनापासून नाही. 30 ते 45 अंशांच्या उतारावर धोका सर्वाधिक. ताज्या हिमवर्षावानंतर अशा उतारावर आणि त्याच्या पायथ्याशीही जाऊ नका. स्थानिक गाइड "परत फिरा" म्हणाला, तर तो हुकूम समजा.

जय हिंद.