दार नसलेले जग

आपल्याकडच्या ग्रंथालयांत इंग्रजी फँटसी बहुधा बालविभागाच्या कपाटात सापडते. मीही ती तिथूनच उचलली. पन्नाशीत सगळी सालवार लावून पुन्हा वाचली, तेव्हा वाटले की हा इतिहास चेटूक आणि राक्षसांचा कमी, एका दाराचा जास्त आहे.

१८५८ साली जॉर्ज मॅकडोनाल्डची ‘फँटास्टिस’ आली. ती स्त्रीपुरुषांसाठी आहे, असे उपशीर्षकातच बजावले होते. म्हणजे बालविभागाचा शिक्का नंतरचा. नायक सकाळी जागा होतो तर तोंड धुण्याचे भांडे भरून वाहते आहे, पाण्याचा ओहोळ झाला आहे आणि गालिच्यावर गवत उगवले आहे. शेवटी तो घरी परततो. कॅरलची अ‍ॅलिस (१८६५) बिळातून जाते आणि स्वप्नातून जागी होते. अद्भुतात शिरायला दार हवे आणि परतायची हमीही हवी, असा तेव्हाचा दंडक.

विल्यम मॉरिसने तो मोडला. भिंतीवरच्या कागदांचे नक्षीकाम करणारा, यंत्रयुगावर चिडलेला हा समाजवादी. ‘द वुड बियाँड द वर्ल्ड’ (१८९४) मधले जग पहिल्या पानापासून काल्पनिकच. स्वप्न नाही, खुलासा नाही. मुद्दाम जुनाट केलेली त्याची इंग्रजी मला आजही दमवते, पण पाऊल मोठे होते. पुढे लॉर्ड डन्सेनीने १९०५ मध्ये नवे देवच निर्माण केले, तेही पुस्तक पदरच्या पैशाने छापून.

टॉल्किनने या जगाला भाषा दिली. १९१६ मध्ये तो सॉमच्या लढाईत होता. शाळेपासूनचे दोन जिवलग मित्र त्याच वर्षी गेले. खंदकज्वराने मायदेशी परतल्यावर त्याने गोंडोलिन नगरीच्या पाडावाची कथा लिहायला घेतली. आधी भाषा आणि मग त्या बोलणारी माणसे, असा त्याचा उलटा क्रम. ‘द हॉबिट’ (१९३७) मध्ये गोल हिरवे दार आहे खरे, पण ते हॉबिटच्या घराचे. आपल्या जगातून तिकडे जाणारे नव्हे. हे सारे म्हणजे पलायन, हा आरोप त्याने १९३९ च्या व्याख्यानात परतवला : कैद्याचे निसटणे आणि सैनिकाचे पळून जाणे यांत टीकाकार गल्लत करतात. खंदकातून आलेल्या माणसाचा हा युक्तिवाद मला पटतो. मायकेल मूरकॉकला पटला नाही. टॉल्किन वाचकाला थोपटून झोपवतो, असे त्याचे म्हणणे. सॉरॉनच्या ओसाड मुलुखाची वर्णने वाचून कोणाला झोप येईल, कोण जाणे!

टॉल्किनचा मित्र लुईस याने मात्र दार परत आणले. ‘नार्निया’चे पहिले पुस्तक १९५० चे. टॉल्किनला ते रुचले नाही. पण त्या कपाटातून जाणारी चार मुले लंडनवरच्या हवाई हल्ल्यांमुळे खेड्यात पाठवलेली आहेत. १९३९ मध्ये लंडनहून हलवलेली अशीच मुले लुईसच्या स्वतःच्या घरी राहायला आली होती.