पांढरं पांढरं राहावं म्हणून

पहाटे साडेपाच

माघातल्या मुहूर्ताचा दिवस बॅग भरण्यापासून सुरू होतो. दोन बॉडी, चार्ज केलेल्या बॅटऱ्या, फॉरमॅट केलेली कार्डं, फ्लॅश आणि त्याचे सेल. सगळं जागेवर गेलं की मी दिवा न लावता कॅमेऱ्याची चाकं फिरवत बसते. तीन खटके म्हणजे एक स्टॉप. एक स्टॉप उघडला की प्रकाश दुप्पट, एक बंद केला की निम्मा. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ हा अपर्चरचा पाढा नवख्याला विचित्र वाटतो, कारण आकडा दर पायरीला साधारण १.४ पटीने वाढतो. पण ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ २ वर २५ मिलिमीटर व्यासाचं भोक असतं आणि एफ ४ वर साडेबाराचं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणजे दोन स्टॉप गेले. वर्तुळं काढून एकदा समजून घेतलं की पाठांतराची गरज उरत नाही. बोटांना मात्र हे अंधारात यावंच लागतं.

सकाळी सात

पार्ला स्टेशनच्या पूर्वेला फुलवाले बसलेले असतात. ज्यांच्या हाताखाली मी शिकते ते काका हॉलवर जाण्याआधी इथे थांबवतात. पांढऱ्या शेवंतीच्या टोपलीने चौकट पूर्ण भरायची आणि मीटर सांगेल तसा फोटो काढायचा. शेवंती करडी येते. मग शेजारची काळी रेक्झिनची पिशवी, तशीच चौकट भरून. तीही करडीच. समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम करडं आहे, सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणारं आहे, असं धरूनच मीटर हिशेब करतो. म्हणून पांढऱ्याला एक-दीड स्टॉप वाढवून द्यायचा आणि काळ्याला तेवढाच कमी करायचा. शिकणाऱ्याच्या मनात नेमकं उलट येतं: पांढरं आधीच उजळ आहे, मग आणखी का उघडायचं?

"मीटरला शेवंती कळत नाही," काका म्हणतात. "तुला कळते. मग ऐकायचं कोणाचं?"

नऊ ते साडेबारा

मराठी लग्न म्हणजे एक्स्पोजरची सगळी अवघड गणितं एकाच सकाळी. नवरी पिवळ्या अष्टपुत्रीत गौरीहरापाशी बसलेली, पाठीमागे उन्हाची खिडकी. भटजींचं उपरणं पांढरं, मुलीच्या आईची पैठणी गर्द जांभळी. हे सगळं एका चौकटीत येतं आणि सगळ्यांना सारखा न्याय देणारं एक्स्पोजर कधीकधी नसतंच. आधी ठरवावं लागतं की वाचवायचं काय. डिजिटल सेन्सरवर पांढरं एकदा उडालं की त्यात तपशील उरत नाही, मागाहून आणायला काहीच नसतं. सावली वर उचलता येते, थोडा नॉइज पत्करून. काकांची पहिली वीस-पंचवीस वर्षं निगेटिव्हवर गेली आणि तिथे रीत उलटी होती. निगेटिव्ह जास्तीचा प्रकाश बराच सोसते, पण सावलीला प्रकाश कमी पडला तर तिथे फिल्म कोरी राहते. डिजिटल आल्यावर हाताची सवय उलटी फिरवणं त्यांना जड गेलं असेल, पण आज माझ्या मागे उभं राहून ते उपरण्याकडेच बोट दाखवतात.

मंगलाष्टकांच्या आधी मी मुंडावळ्या बांधलेल्या मुलाशेजारी जाऊन आपला तळहात त्याच उजेडात धरते, हातावरचं मीटरिंग घेते आणि एक स्टॉप उघडते. चेहऱ्याचा रंग माणसागणिक बदलतो, तळहातात फरक कमी असतो, म्हणून ही युक्ती टिकून आहे. मग मोड मॅन्युअल. अंतरपाट धरलेला असताना चौकटीच्या मध्यभागी मोठा पांढरा कपडा असतो. कॅमेरा ऑटोवर असला तर तो एक्स्पोजर खाली खेचतो आणि अंतरपाट दूर होताच, म्हणजे ज्या क्षणासाठी आपल्याला बोलावलंय त्याच क्षणी, पुन्हा वर उडी मारतो. उजेड बदललेला नसताना आकडे बदलण्याचं कारणच नाही.

शटर १/१००. हॉलमधले बरेचसे दिवे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण १/२५० वर चौकटीत आडवे पट्टे उमटू शकतात. १/१०० मध्ये लुकलुकण्याचा एक पूर्ण फेरा बसतो. या वेगाला अक्षता रेघा होऊन पडतात, आणि मला त्या तशा आवडतात. तांदूळ हवेत थिजलेले हवे असतील तर फ्लॅश लागतो. त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहून छोटा असू शकतो. फ्लॅश आला की एका चौकटीत दोन एक्स्पोजर होतात. जवळचा चेहरा फ्लॅशवर जातो आणि तो अपर्चरने आवरतो. मागचा हॉल दिव्यांवर राहतो आणि तो शटरने आवरतो. शटर मंद केलं की पाहुणे आणि तोरणं अंधारातून वर येतात, नवरीचा चेहरा जवळपास होता तसाच राहतो. इतकं कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कळल्यावर मात्र काळ्या भिंतीपुढे फटक पांढरे चेहरे असलेले लग्नाचे अल्बम बघवेनासे झाले.

होमापाशी फ्लॅश बंद. धूर तो उजेड परत फेकतो आणि चौकट दुधाळ होते. आयएसओ ३२००, बाकी काम ज्वाळेचं.

दुपारी दोन

पंगत उठल्यावर गच्चीवर घरच्यांचे फोटो. इथे मीटर न बघता आकडे सांगायचे असतात: लख्ख ऊन असेल तर एफ १६ आणि शटर आयएसओच्या व्यस्त, म्हणजे आयएसओ १०० ला साधारण १/१२५. मुंबईच्या हिवाळी धुरकट हवेत एफ ११ लागतो. त्यावरून एफ ५.६ वर जायचं तर दोन स्टॉप उघडले, म्हणून शटर १/५००. पण डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत पडलेली सावली कुठलाच आकडा काढत नाही. माणसं पाण्याच्या टाकीच्या सावलीत हलवावी लागतात.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या वर्तुळातले. त्या काळी हातात धरायचा मीटर नव्हता. लेन्सचं झाकण काढायचं, मनात सेकंद मोजायचे, झाकण लावायचं. ऊन ओळखायला डोळाच शिकवावा लागे, आणि काका माझ्याकडून तीच शिकवण मागतात.

संध्याकाळी साडेसात

दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात रंगीत तालीम. मला दिवसाचा हा भाग सगळ्यात प्रिय आहे, कारण इथे सकाळची सगळी शिकवण उलटी तपासली जाते. काळे पडदे, काळ्या विंगा, मध्ये एका चेहऱ्यावर स्पॉट. चौकटीचा बहुतेक भाग काळा असल्यामुळे मीटर तो उजळायला निघतो आणि चेहऱ्याचं पीठ करतो. स्पॉट मीटरिंग गालावर, एफ २.८, १/१६०, आयएसओ ३२००, आणि नट वाक्य संपवून थबकेल त्याची वाट. संपूर्ण निळ्या प्रवेशात आणखी एक सापळा असतो. एकत्रित हिस्टोग्राम नीट दिसतो, पण एकटा निळा चॅनल उडालेला असतो, म्हणून तिन्ही रंगांचे आलेख वेगळे पाहायचे. "रॉ आहे, नंतर बघू" हे या धंद्यातलं वाक्य मला मान्य नाही. निळ्या उजेडात उडालेला गाल कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही.

मोहन वाघ यांनी, 'चंद्रलेखा' या नाट्यसंस्थेचे निर्माते होण्याआधीपासून, मराठी रंगभूमीचे फोटो फिल्मवर काढले. चारशेची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म सोळाशेला पुश केली की चेहरा मिळतो आणि सावलीतला तपशील जातो. म्हणजे कुठला उजेड धरायचा आणि कुठला सोडायचा, हे बटण दाबण्याआधीच ठरलेलं लागे. पडद्यावर निकाल दिसत नसताना त्या पिढीने हे केलं, याचं मला फार मोल वाटतं.

रात्री साडेअकरा

कार्डं दोन डिस्कवर उतरतात. शेवटच्या प्रवेशाच्या दोन चौकटी मी शेजारी लावते. एकीत म्हाताऱ्या बापाचा फक्त अर्धा चेहरा आहे, मागचं घर काळोखात. दुसरीत कपाट, खिडकी, भिंतीवरचा फोटो, सगळं दिसतंय. जाहिरातीला दुसरी मागतील, नेपथ्यावर खर्च झालाय. पण प्रकाशयोजनाकाराने त्या प्रवेशाला एकच दिवा ठेवला होता. मी पहिली पाठवते आणि खाली तेवढंच कारण लिहिते.