घटक ५ : भूगर्भातील संपत्ती आणि सार्वजनिक हिशेब

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• तेल, वायू व खाण उद्योगांतील आर्थिक पारदर्शकतेचा अर्थ स्पष्ट करता येईल.
• या पारदर्शकतेसाठी उभ्या राहिलेल्या जागतिक मोहिमेची वाटचाल सांगता येईल.
• आकडे प्रसिद्ध होणे आणि सत्तेला जाब विचारता येणे यांतील फरक ओळखता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शेतातील पीक दरवर्षी पुन्हा येते; भूगर्भातील तेल किंवा लोहखनिज एकदा बाहेर काढले की पुन्हा येत नाही. म्हणून ते विकून आलेला पैसा हे निव्वळ उत्पन्न नसते, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या ठेव्याचा तो मोबदला असतो. बहुतेक देशांत या ठेव्याची मालकी राज्यसंस्थेकडे, म्हणजे तत्त्वतः जनतेकडे असते. तो उपसण्याचा परवाना कंपनीला मिळतो. त्याबदल्यात कंपनी शासनाला निरनिराळ्या मार्गांनी पैसा देते : उत्पादनावरील स्वामित्वधन, नफ्यावरील कर, परवाना शुल्क, उत्पादनातील शासनाचा वाटा आणि करारावर सही होताच द्यावयाची एकरकमी रक्कम.

हा पैसा मोजक्या कंपन्यांकडून मोजक्या अधिकाऱ्यांच्या हाती जातो. घरपट्टी भरणारा नागरिक गावच्या रस्त्याचा हिशेब मागतो, कारण पावती त्याच्या घरात असते. ज्या पैशाची पावती कोणी पाहिलीच नाही, त्याचा हिशेब कोण मागणार? या प्रश्नाचा विचार आपण प्रस्तुत घटकात करणार आहोत.

५.२ अंगोलाचा धडा

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अंगोला हा देश १९७५ साली पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला आणि यादवी युद्धात सापडला. ते युद्ध २००२ पर्यंत चालले. समुद्रातील तेल हा शासनाच्या उत्पन्नाचा मुख्य स्रोत होता. सामान्य माणूस मात्र अन्नाला आणि औषधाला महाग झाला होता. डिसेंबर १९९९ मध्ये लंडनच्या ‘ग्लोबल विटनेस’ या संस्थेने या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला आणि तेल कंपन्यांनी अंगोलाच्या शासनाला दिलेल्या रकमा जाहीर कराव्यात, अशी मागणी केली.

२००१ च्या आरंभी ‘बीपी’ या ब्रिटिश कंपनीने तशी तयारी दर्शविली. एका तेलक्षेत्राच्या करारावर सही करताना तिने ११.१ कोटी डॉलर दिल्याचेही उघड झाले. त्यावर ‘सोनांगोल’ या अंगोलाच्या सरकारी तेल कंपनीने तिला करार रद्द करण्याचा इशारा दिला. पुढे २००४ साली ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आकडेवारीच्या आधारे दाखवून दिले की, १९९७ ते २००२ या काळातील ४०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा हिशेब लागत नाही.

या प्रसंगातून मिळणारा धडा लक्षात घ्या. एकट्या कंपनीने खरे बोलायचे ठरविले, तर ती करार गमावते आणि गप्प राहणाऱ्या स्पर्धकाचा लाभ होतो. म्हणून खुलासा एखाद्याच्या सदिच्छेवर सोडून चालत नाही. तो सर्वांनाच बंधनकारक असावा लागतो.

५.३ मोहिमेचा उदय

याच विचारातून जून २००२ मध्ये काही स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन ‘पब्लिश व्हॉट यू पे’, म्हणजे ‘तुम्ही जे देता ते जाहीर करा’, ही मोहीम सुरू केली. तिची मूळ मागणी साधी होती : तेल, वायू व खाण कंपन्यांनी प्रत्येक देशाच्या शासनाला किती रक्कम दिली, हे उघड करावे आणि कायद्याने त्यांना तसे करण्यास भाग पाडावे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जोहान्सबर्ग येथील शाश्वत विकास परिषदेच्या वेळी ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी एका ऐच्छिक व्यवस्थेची घोषणा केली. ‘एक्स्ट्रॅक्टिव्ह इंडस्ट्रीज ट्रान्स्परन्सी इनिशिएटिव्ह’ हे तिचे नाव. आपण तिला ‘पारदर्शकता उपक्रम’ म्हणू. २००३ साली लंडन येथील परिषदेत या उपक्रमाची तत्त्वे मान्य झाली. त्याचे सचिवालय नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे आहे.

५.४ दोन वह्यांचा ताळा

पारदर्शकता उपक्रमाची कार्यपद्धती आपल्या परिचयाच्या जमाखर्चासारखीच आहे. कंपन्या ‘एवढे दिले’ असे सांगतात, शासन ‘एवढे मिळाले’ असे सांगते आणि त्रयस्थ तज्ज्ञ दोन्ही आकडे ताडून पाहतो. समजा, कंपन्यांच्या वहीत १०० कोटी आहेत आणि शासनाच्या वहीत ९२ कोटी. मधले ८ कोटी कुठे गेले? हिशेबाची वर्षे वेगळी असतील, चलनाचा दर वेगळा धरला असेल किंवा कुठेतरी पाणी मुरत असेल. ताळा स्वतः निवाडा देत नाही; कोणता प्रश्न विचारायचा, ते तो दाखवून देतो. या कामावर देखरेख करणाऱ्या गटात शासन, कंपन्या आणि नागरी संघटना या तिघांचेही प्रतिनिधी असणे आवश्यक मानले आहे.

नायजेरियाने २००७ साली या उपक्रमाला कायद्याचे अधिष्ठान दिले. तेथील तपासण्यांतून, शासनाला येणे असूनही तिजोरीत न पोहोचलेल्या रकमा निदर्शनास आल्या.

५.५ सदिच्छेकडून कायद्याकडे

२०१० साली अमेरिकेने तेथील शेअरबाजारात नोंदलेल्या खनिज कंपन्यांवर देयके उघड करण्याचे कायदेशीर बंधन घातले. मात्र त्याची अंमलबजावणी रखडली. २०१२ चा नियम न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केला. २०१६ चा नियम अमेरिकी संसदेने २०१७ मध्ये फेटाळला. नवा नियम २०२० अखेरीस आला. दरम्यान, युरोपीय संघाने २०१३ साली १ लाख युरो व त्यावरील देयके देशनिहाय आणि प्रकल्पनिहाय जाहीर करण्याचे बंधन घातले. कॅनडाचा कायदा २०१५ साली लागू झाला.

येथे ‘प्रकल्पनिहाय’ हा शब्द महत्त्वाचा आहे. देशाचा एकूण आकडा अर्थतज्ज्ञाच्या उपयोगी पडतो. खाणीशेजारी राहणाऱ्या माणसाला आपल्या खाणीचा आकडा हवा असतो.

५.६ आकडे असून आवाज नसेल तर?

आता या घटकातील कळीच्या मुद्द्याकडे वळू. २००९ साली तेलसंपन्न अझरबैजान हा पारदर्शकता उपक्रमाच्या सर्व अटी पूर्ण करणारा पहिला देश ठरला. त्याचे अहवाल नियमाने प्रसिद्ध होत होते. परंतु पुढे तेथील स्वयंसेवी संस्थांवर कायद्याचे व पैशाचे निर्बंध आले. २०१५ मध्ये उपक्रमाने त्या देशाचा दर्जा खाली आणला. मार्च २०१७ मध्ये त्याचे सदस्यत्व निलंबित होताच तो देश उपक्रमातून बाहेर पडला.

पारदर्शकता म्हणजे खिडकीची काच. तिच्यातून पाहणाऱ्याचीच तोंडदाबी झाली, तर काच कितीही स्वच्छ असून काय उपयोग? प्रसिद्ध झालेला आकडा वाचणारा, समजून घेणारा आणि निर्भयपणे प्रश्न विचारणारा नागरिक हा या व्यवस्थेचा अपरिहार्य घटक आहे.

५.७ आपल्या संदर्भात

भारत या उपक्रमाचा सदस्य नाही. तरीही हा विषय आपल्यापासून दूर नाही. २०१५ च्या खनिज कायदा दुरुस्तीनुसार खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. खाणपट्टेधारकाने स्वामित्वधनाव्यतिरिक्त, त्याच्या १० टक्के किंवा जुन्या पट्ट्यांबाबत ३० टक्के इतकी रक्कम प्रतिष्ठानाकडे भरावयाची असते. ती खाणबाधित लोकांच्या हितासाठी आहे. तुम्ही चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर किंवा यवतमाळ जिल्ह्यात राहत असाल, तर हा हिशेब तुमच्या शाळेचा, दवाखान्याचा आणि पिण्याच्या पाण्याचा आहे. तो मागण्यासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा तुमच्या हाती आहे.

५.८ सारांश

खनिजाचा पैसा नागरिकांच्या नजरेआड राहतो, म्हणून तो उघड करावा लागतो. एकट्याचा खुलासा टिकत नाही, म्हणून कायदा लागतो. कायद्याने मिळालेला आकडा स्वतः बोलत नाही, म्हणून बोलणारा नागरिक आणि त्याचे स्वातंत्र्य लागते.

५.९ स्वाध्याय

१. अंगोलाच्या उदाहरणावरून कायदेशीर बंधनाची आवश्यकता स्पष्ट करा.
२. ‘ताळा निवाडा देत नाही, प्रश्न दाखवून देतो’ या विधानाचे विवेचन करा.
३. तुमच्या किंवा जवळच्या जिल्ह्यातील खनिज प्रतिष्ठानाच्या जमाखर्चाची माहिती मिळवा आणि त्यावरून तुम्हाला पडलेले तीन प्रश्न लिहा.