मोटारीमागचा थेंब

खडूने जमिनीवर आठ फूट लांब आणि चार फूट रुंद असा एक आयत काढा. त्याच्यावर चार फूट उंचीवर छप्पर आहे अशी कल्पना करा. या जागेत दोन माणसे शेजारी शेजारी झोपू शकतील, मांडी घालून बसू शकतील. उभे मात्र राहता येणार नाही. एवढ्याशा पेटीला दोन चाके लावायची, पुढे एक लोखंडी दांडा बसवायचा, तो मोटारीच्या मागे अडकवायचा आणि प्रवासाला निघायचे. रात्र होईल तिथे थांबायचे, आत शिरायचे आणि झोपायचे!

अमेरिकेत अशा पेट्या कितीतरी हौशी लोकांनी आपल्या घरच्या अंगणात बनवल्या. बाजूने पाहिले तर ही पेटी पुढे गोल आणि मागे उतरत गेलेली दिसते, म्हणून तिला अश्रूच्या थेंबाचे नाव मिळाले : ‘टिअरड्रॉप ट्रेलर’. १९२९ साली तिथे शेअर बाजार कोसळला आणि मंदीची वर्षे सुरू झाली. मोटारी पुष्कळांकडे होत्या, पण मुक्कामाला हॉटेलात उतरण्याची ऐपत सर्वांची नव्हती. त्या दशकात स्वतः वस्तू बनवणाऱ्यांसाठी निघणाऱ्या मासिकांतून या ट्रेलरचे आराखडे छापून येऊ लागले. सर्वांत गाजला तो ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकाच्या सप्टेंबर १९४७ च्या अंकातला आराखडा. दुसरे महायुद्ध नुकतेच संपलेले होते. मोडीत काढलेल्या विमानांचे ॲल्युमिनियमचे पत्रे आणि जीपगाड्यांची चाके बाजारात स्वस्तात मिळत होती, ती या ट्रेलरांना लागली. १९६० नंतर मोठ्या मोटारी आणि मोठे ट्रेलर आले आणि थेंब मागे पडला. १९९० नंतर मात्र हौशी मंडळींनी तो पुन्हा बनवायला घेतला.

आठ फूट आणि चार फूट हेच आकडे का, असे तुम्ही विचाराल. उत्तर लाकडाच्या वखारीत मिळेल. प्लायवूडचा तक्ता आठ फूट लांब आणि चार फूट रुंद, म्हणजे सुमारे २४४ सेंटिमीटर गुणिले १२२ सेंटिमीटर, असा येतो. एका तक्त्यातून डावी बाजू, दुसऱ्यातून उजवी आणि तिसरा तक्ता न कापता तळाला. ज्याच्याकडे एक करवत आणि एक गिरमिट एवढीच हत्यारे आहेत त्यालाही हे जमते. तक्त्याचे वजन तुम्ही स्वतः काढू शकता. क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस मीटर. जाडी १८ मिलिमीटर असेल तर घनफळ ०.०५४ घनमीटर, प्लायवूडची घनता घनमीटरला सुमारे ६०० किलोग्रॅम धरली तर वजन ३२ किलोग्रॅमच्या आसपास येते. छपरासाठी मात्र जाड तक्ता चालत नाही, कारण तो वाकत नाही. तीन-चार मिलिमीटरचे पातळ प्लाय आडव्या पट्ट्यांवर हळूहळू वाकवत बसवतात. एकदा वाकवून दोन्ही बाजूंना पक्के केले, की तेच पातळ प्लाय चांगले ताठ होते. पोस्टकार्ड सपाट धरले तर लवते आणि थोडे गोल वळवून धरले तर वजन पेलते, हे तुम्ही करून पाहिले असेलच.

आता आकाराकडे येऊ. त्या काळी प्रवाहरेखित आकारांची मोठी हवा होती. विमाने, आगगाडीची इंजिने, मोटारी, सगळ्यांना गोल पुढचे तोंड आणि निमुळती शेपटी देण्याची चढाओढ चालू होती. असे शरीर हवेला अलगद दुभंगते आणि मागे तितक्याच अलगद जोडते, म्हणून हवेचा विरोध कमी होतो, हे खरे आहे. पण त्यासाठी शेपटी लांब लागते. एकूण लांबी जाडीच्या सुमारे तीन-चार पट तरी हवी. आपली पेटी चार फूट उंच आणि आठ फूट लांब, म्हणजे दुप्पटच. तिच्या उताराला चिकटून हवा खालपर्यंत जात नाही, मध्येच सुटते आणि मागे भोवरे होतात. थोडक्यात, हा थेंब जरा आखूड पडतो. (जाता जाता : पडणारा पावसाचा थेंबही चित्रातल्या थेंबासारखा नसतो. लहान थेंब गोल असतात आणि मोठे खालून चपटे, पावासारखे!)

मग या ट्रेलरला ओढायला कमी पेट्रोल लागते ते कशामुळे? मुख्यतः तो ठेंगणा असतो म्हणून. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जाताना समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे २४० न्यूटन भरतो. विरोध किती होईल हे आकाराबरोबरच हवेला सामोरे जाणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. माणूस उभा राहील असा मोठा ट्रेलर २.२ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच असेल तर ते क्षेत्रफळ साडेपाच चौरस मीटर होते. आपल्या पेटीचे फक्त दीड! शिवाय ती मोटारीच्या टपाच्या उंचीइतकीच असल्याने बरीचशी मोटारीच्या आडोशाला राहते. आकाराला मिळालेल्या श्रेयातले निम्म्याहून जास्त श्रेय उंचीला द्यावे, असे मला वाटते.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती स्वयंपाकघरात आहे. आतली झोपण्याची जागा साधारण १.२ मीटर रुंद, १.९ मीटर लांब आणि सरासरी १.१ मीटर उंच असते. म्हणजे अडीच घनमीटर, आणि दोन माणसे आत शिरल्यावर हवा उरते सुमारे २,४०० लिटर. झोपलेला माणूस तासाला सुमारे १५ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. दोघांचे झाले ३० लिटर, म्हणजे तासाला सव्वा टक्का! सगळ्या फटी खरोखरच बंद असतील तर चार तासांत हे प्रमाण पाच टक्क्यांवर जाईल. डोके दुखायला आणि धाप लागायला तेवढे पुरे आहे. म्हणून जाणकार माणूस थंडी कितीही असली तरी दोन्ही बाजूंना किंवा छपरात झरोके ठेवतोच. श्वासातली वाफही त्याच वाटेने बाहेर जाते, नाहीतर सकाळी छपरावरून पाणी ठिबकते. अशा जागेत स्टोव्ह पेटवणे म्हणजे जिवाशी खेळ. आग लागण्याची भीती आहेच, पण अपुऱ्या हवेत जळण जळले की होणारा कार्बन मोनॉक्साइड त्याहून वाईट. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागाही करत नाही.

म्हणून स्वयंपाकघर बाहेर. ट्रेलरच्या मागच्या उताराचा भाग बिजागरीवर वर उघडतो. खाली ओटा, कप्पे, डबे, भांडी. वर उचललेले झाकण म्हणजे छप्पर. माणूस मोकळ्या हवेत उभा राहून स्वयंपाक करतो. व्यवस्था नामी आहे, पण तिने एक नवाच प्रश्न उभा केला : स्टोव्ह, भांडी, डबे, पाणी हे सगळे जड सामान अगदी मागच्या टोकाला गेले.

त्यात बिघडले काय? हे ज्याच्या घरी बैलगाडी आहे तो पटकन सांगेल. दोन चाकांच्या गाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त भरला तर जू मानेवर दाबून बसते. शहाणा गाडीवान थोडासाच भार मानेवर येईल असा माल रचतो. ट्रेलरचेही तेच आहे. बैलांच्या मानेच्या जागी मोटारीच्या मागे बसवलेला एक लोखंडी गोळा असतो. त्यावर ट्रेलरच्या दांड्याची वाटी बसते. या गोळ्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा, असा नियम आहे. त्याहून फार जास्त झाला तर मोटारीचे मागचे टोक दबते, पुढची चाके हलकी होतात आणि वळवणे अवघड जाते. कमी झाला तर काय होते ते पुढे पाहू.

आधी हिशेब. समजा, पेटी २४० सेंटिमीटर लांब आहे, चाकांची आस पेटीच्या पुढच्या टोकापासून १५० सेंटिमीटरवर आहे आणि दांडा पुढे ९० सेंटिमीटर निघाला आहे. म्हणजे गोळा ते आस हे अंतर २४० सेंटिमीटर. स्वयंपाकाच्या सामानाशिवाय वजन ३६० किलोग्रॅम आणि गुरुत्वमध्य पेटीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे आसेच्या पुढे ३० सेंटिमीटर. तराजूचा नियम लावा : ३६० गुणिले ३०, भागिले २४०, गोळ्यावर भार ४५ किलोग्रॅम. साडेबारा टक्के, उत्तम!

आता आसेच्या मागे ७५ सेंटिमीटरवर ४० किलोग्रॅमचे स्वयंपाकघर ठेवा. ते गोळ्यावरचा भार ४० गुणिले ७५ भागिले २४०, म्हणजे साडेबारा किलोग्रॅमने कमी करते. राहिले साडेबत्तीस, एकूण वजन ४००, प्रमाण आठ टक्क्यांवर आले. त्यात कोणी हौसेने ३० किलोग्रॅमच्या दोन सायकली मागे टांगल्या, आसेपासून ११० सेंटिमीटरवर, तर आणखी पावणेचौदा किलोग्रॅम गेले. आता ४३० किलोग्रॅमच्या ट्रेलरचा गोळ्यावर भार उरला १९ किलोग्रॅमहूनही कमी, साडेचार टक्केसुद्धा नाही.

उभ्या ट्रेलरकडे पाहून यातले काहीच कळत नाही. तो सावकाश ओढला तरी निमूट मागे येतो. पण वेगात असताना बाजूने एखादा ट्रक जातो आणि हवेचा झोत ट्रेलरच्या शेपटीला ढकलतो. ट्रेलर गोळ्याभोवती थोडा फिरतो, टायर त्याला परत ओळीत आणतात, तो पलीकडे जातो, पुन्हा येतो. वेग कमी असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होतो आणि थांबतो. वेग वाढत जातो तसे हे शमणे मंद होते. एका ठरावीक वेगापुढे उलटेच होते : प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा! शेपूट एका बाजूला फेकले जाते आणि मोटारीचे मागचे टोक दुसऱ्या बाजूला ढकलते. थोड्याच सेकंदांत दोन्ही वाहने रस्त्याबाहेर जाऊ शकतात. मागे वजन जास्त असेल तर हा धोक्याचा वेग खाली येतो. पुढे असेल तर वर जातो. हेलकावे सुरू झालेच तर चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, सुकाणू सरळ धरायचे आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. घाबरून जोराचा ब्रेक मारायचा नाही.

मग मागच्या सामानाइतकेच वजन अगदी पुढे ठेवून तोल साधला तर? गोळ्यावरचा भार बरोबर येईल, पण ट्रेलर तितका शहाणा होणार नाही. का, ते हाताने समजून घ्या. तीस सेंटिमीटरच्या फूटपट्टीच्या मध्यापासून पाच-पाच सेंटिमीटरवर दोन सारखे खोडरबर रबरबँडने बांधा. पट्टी मध्ये धरून मनगटाने भराभर डावी-उजवी फिरवा. आता तेच खोडरबर दोन टोकांना बांधून फिरवा. वजन तेच, तोल तोच, पण पट्टी सुरू करायला जड आणि थांबवायला त्याहून जड वाटेल. अंतर तिप्पट झाले की त्या खोडरबरांचा विरोध नऊपट होतो. दोन टोकांना जड असलेला ट्रेलर एकदा हलला की टायरांना त्याला आवरणे असेच कठीण जाते.

म्हणून चांगला कारागीर सामान पुढे सरकवण्याआधी आस मागे सरकवतो. वरच्या उदाहरणात स्वयंपाकघरासह वजन ४०० किलोग्रॅम आहे. आस फक्त ११ सेंटिमीटर मागे घेतली तर गोळ्यावरचा भार पुन्हा बारा टक्क्यांवर येतो. सायकली मात्र मोटारीच्या टपावर! या ट्रेलरांची चाके पेटीच्या मध्यावर नसून थोडी मागे का असतात, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. ११ सेंटिमीटरचा हा निर्णय बनवतानाच घ्यावा लागतो; आस एकदा जोडल्यावर तो बदलणे फार त्रासाचे.

हिशेब कितीही केला तरी प्रत्यक्ष मोजावेच लागते, कारण गाद्या, डिंक, खिळे, रंग या सगळ्यांना वजन असते. त्यासाठी मोठे यंत्र नको. ट्रेलर सपाट जागी उभा करून सर्व सामान आपापल्या जागी भरायचे, चाकांना ओट लावायची, आणि दांड्याचे टोक विटांच्या थरावर ठेवलेल्या माणसे तोलायच्या वजनकाट्यावर टेकवायचे. टोकाची उंची मोटारीच्या गोळ्याइतकीच हवी. काट्यावर दिसेल तो गोळ्यावरचा भार. शाळेत तुम्ही पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायचा दशांश आकाराचा नमुना करून हीच मोजणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करू शकता. खरा ट्रेलर रस्त्यावर आणायचा तर आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलरही मोटार वाहनातच मोडतो, त्याची रीतसर नोंदणी लागते.

नमुना केलात तर एक गोष्ट जरूर तपासा. प्रवासात पाणी संपत जाते. वीस लिटरचा भरलेला डबा आसेच्या पुढे ९० सेंटिमीटरवर ठेवला आणि तो तिसऱ्या दिवशी रिकामा झाला, तर सुमारे २५० सेंटिमीटर दांड्याच्या ट्रेलरमध्ये गोळ्यावरचा भार सात किलोग्रॅमने उतरतो. निघताना बरोबर असलेला ट्रेलर परत येताना बरोबर राहत नाही. हा डबा ठेवायला सर्वांत चांगली जागा कोणती, ते काढा. उत्तर चाकांच्या जवळपासच कुठेतरी सापडेल.